कुजका मणी, महागडी बाटली आणि शातो दिकेम

मागच्या अंकात फ्रान्समधल्या बोर्दोच्या दक्षिणेला असलेल्या शातो दिकेमबद्दल मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. सोतर्न भागातली बाग, गोड पांढरी वाइन, आणि ती वेलीवर बुरशी धरलेल्या द्राक्षांपासून करतात, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर पुरतं तिलाच दिलं आहे. निफाड-दिंडोरीच्या पत्रांत अविश्वास जास्त, शहरातल्या पत्रांत कुतूहल. पहिलं पत्र तर सरळ रागावूनच लिहिलेलं आहे, म्हणून आधी तेच घेते.

प्रश्न: ताई, ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत आम्ही बुरशीशी भांडतो. घडात एक कुजका मणी दिसला तर व्यापारी अख्खी पेटी बाजूला काढतो, वर भाव पाडतो. आणि तुम्ही सांगता, फ्रान्समध्ये अशी द्राक्षं मुद्दाम ठेवतात! ही बुरशी आमच्याकडचीच की दुसरी कुठली? – निफाड तालुक्यातले एक बागायतदार

उत्तर: तीच आहे, भाऊ. बोट्रायटिस. आपल्याकडे डाऊनी आणि भुरी हे द्राक्षांवरचे रोग रोजचे दुश्मन, त्यामानाने ही कमी भेटते. पण माल गोडीवर आलेला असताना अवकाळी पडला आणि घड गच्च असला, की आतल्या बाजूने जी राखाडी लव धरते आणि बघता बघता मणी पाणी सोडतात, ती हीच. सोतर्नमध्ये पावसाची झड लागली तर तिथेही ती अशीच वागते आणि तो माल त्यांनाही फेकावाच लागतो. फरक बुरशीत नाही, हवेत आणि वेळेत आहे.

तिथे सिरों नावाची छोटी नदी जंगलाच्या सावलीतून येते, तिचं पाणी थंड. ती जिला मिळते ती गारोन मोठी, उघड्यावरून वाहणारी, तिचं पाणी त्यामानाने कोमट. सप्टेंबर-ऑक्टोबरात या दोन पाण्यांमुळे रात्री धुकं धरतं आणि पहाटे बागांवर चढतं. बुरशी रुजायला तेवढा ओलावा पुरतो. मग ऊन पडतं, वारा सुटतो आणि दुपारपर्यंत मणी कोरडे ठणठणीत. म्हणजे बुरशीला जगण्यापुरतं मिळतं, मोकाट सुटण्यापुरतं नाही.

दुसरी अट, मणी पूर्ण पिकलेला हवा आणि साल अखंड हवी. अशा सालीला बुरशी डोळ्यांना न दिसणारी भोकं पाडते. रस सांडत नाही, पण पाणी उडून जातं आणि आतला ऐवज आटत जातो. बुरशी थोडी साखर खाते, पण त्या प्रमाणात आम्ल जास्त खाते, शिवाय ग्लिसरॉल तयार करते. या वाइनचा जिभेवरचा तुकतुकीतपणा काही अंशी त्यातून येतो. तीच साल आधी तडकलेली असेल तर व्हिनेगरचे जिवाणू आणि चिलटं बुरशीच्या आधी हजर होतात. मग संपलं.

मी उमेदवारीच्या काळात एका हंगामाला त्या भागात तोडणीवर होते. दिकेममध्ये नव्हे, जवळच्या एका लहानशा बागेत. घड हातात घेतला की त्यात सगळ्या अवस्था एकाच वेळी दिसायच्या. काही मणी सोनेरी टपोरे, काहींवर तपकिरी ठिपके, काही पुरते जांभळट-तपकिरी पण अजून फुगलेले, आणि खांद्याकडचे पाच-सहा सुरकुतलेले, वर राखाडी लव. घ्यायचे ते फक्त हे शेवटचे. बारीक कात्रीने घडाचा तेवढाच तुकडा कापायचा, बाकी घड वेलीवर तसाच. तुकडा टोपलीत टाकायच्या आधी नाकाशी न्यायचा. मधाचा, सुक्या जर्दाळूचा वास आला तर टोपलीत, आंबूस आला तर जमिनीवर. मुकादमीण मागून येऊन टोपलीत हात घालायची आणि चुकार मणी काढून काही न बोलता आमच्याच हातावर ठेवायची. आपल्या बागेत विरळणी करणाऱ्या बायकांना हे काम एका दिवसात जमेल, असं मला तेव्हाही वाटलं होतं. नजर तीच लागते.

दिकेममध्ये अशा फेऱ्या एका हंगामात साधारण पाच-सहा होतात, कधी त्याहून जास्त. त्याच ओळीत पुन्हा पुन्हा जायचं, कधी नोव्हेंबरपर्यंत. सुमारे १०० हेक्टर चालू बागेला दीडशेच्या आसपास तोडणारी माणसं लागतात, आणि हवा बिघडली की त्यांना नुसतं बसवून ठेवावं लागतं.

आणि भाऊ, बोर्दो तुम्हाला परकं नाही. तुम्ही मोरचूद आणि चुना कालवून फवारता त्या बोर्डो मिश्रणाचं ते माहेर. तिथल्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर हे हिरवट-निळं पाणी शिंपडायचे, ते वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून! त्याच वेलींवर डाऊनी कमी आहे हे बोर्दो विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आलं. त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते जगापुढे मांडले. आजही आपली टाकी त्याच हिशोबावर चालते.

प्रश्न: ही बाग कुणा राजाची होती का? फ्रेंच राज्यक्रांतीत सरदारांची डोकी उडाली. मग एकाच घराण्याकडे ती शेकडो वर्षं राहिली असं वाचलं, ते पटत नाही. – नाशिकरोडचे एक निवृत्त इतिहास शिक्षक

उत्तर: सर, राजाची होती, पण आधी इंग्लंडच्या. मध्ययुगात तो सगळा आक्वितेन प्रांत इंग्लंडच्या राजाकडे होता. १४५३ मध्ये तो फ्रान्सने परत मिळवला आणि दिकेम फ्रेंच राजाच्या मालकीत आलं. १५९३ मध्ये झाक सोवाज या स्थानिक माणसाने तिथले वहिवाटीचे हक्क मिळवले. पूर्ण मालकी मिळायला मात्र १७११ साल उजाडलं, तेव्हा लेओं द सोवाज हा घरचा कर्ता होता.

१७८५ मध्ये या घरच्या फ्रांस्वाज-जोसेफीनचं लग्न ल्यूर-सालूस घराण्यातल्या काउंट लुई-आमेदे याच्याशी झालं. नवरामुलगा पंधराव्या लुईचा धर्मपुत्र, सैन्यातला अधिकारी. तीन वर्षांत तो घोड्यावरून पडून गेला. जोसेफीन ऐन विशीत विधवा, पुढच्याच वर्षी क्रांती. तिला तुरुंगवास घडला, पण तिने बाग हातची जाऊ दिली नाही. कागदपत्रं सांभाळली, कारभार स्वतः पाहिला, १८२६ मध्ये वाइन मुरवायला खास तळघर-कोठार बांधलं, आणि १८५१ मध्ये मरण पावेपर्यंत दिकेमला युरोपभर नाव मिळवून दिलं. पुरुषांची नावं आणि किताब बाटलीवर छापले गेले. माझ्या मते मात्र दिकेमचा खरा कर्ता पुरुष हीच बाई.

तिच्या काळातला एक गिऱ्हाईक तुम्हाला आवडेल. थॉमस जेफरसन तेव्हा अमेरिकेचे पॅरिसमधले राजदूत होते. १७८७ मध्ये ते बोर्दोला जाऊन आले आणि १७८४ सालच्या दिकेमच्या २५० बाटल्या मागवल्या. पुढे १७९० मध्ये अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्यासाठी ३० डझन मागवल्या. यावरून आणखी एका गोष्टीचा निकाल लागतो. असं सांगतात की १८४७ मध्ये मालक रशियाला गेले होते, मी येईपर्यंत तोडणी नको असा हुकूम होता, यायला उशीर झाला, द्राक्षं कुजली आणि योगायोगाने ही वाइन सापडली. गोष्ट छान आहे, वायनरीत पाहुण्यांना सांगायला उत्तम. पण त्या मुलखात उशिरा तोडणी करायची रीत त्याच्या फार आधीपासून होती. १८४७ चं पीक असामान्य निघालं एवढं मात्र खरं. १८५९ मध्ये रशियाच्या झारचा भाऊ कॉन्स्टंटिन याने त्या वाइनच्या एका ‘तोनो’ला, म्हणजे ९०० लिटरला, २०,००० सोन्याचे फ्रँक मोजले.

त्याआधी १८५५ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी बागांची प्रतवारी लावली. तांबड्या वाइनमध्ये पहिल्या वर्गात लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों अशा चौघी होत्या. गोड पांढऱ्यांमध्ये पहिल्या वर्गाच्याही वर एक खास पायरी केली आणि तिथे एकट्या दिकेमला बसवलं. ती आजही एकटीच आहे.

पहिल्या महायुद्धात वाड्यात लष्करी इस्पितळ होतं. घराण्याची पकड सुटली ती क्रांतीत नाही, भाऊबंदकीत. १९९६ मध्ये काही नातलगांनी आपापले हिस्से एलव्हीएमएच या बड्या समूहाला विकले. बाग चालवणारे आलेक्सांद्र द ल्यूर-सालूस कोर्टात गेले, १९९९ मध्ये तडजोड झाली, २००४ पर्यंत कारभार त्यांच्याकडे राहिला आणि मग ते बाहेर पडले. चारशे वर्षं राजे, क्रांती, युद्धं पचवून शेवटी वाटण्यांनी घात केला, हे आपल्याकडच्या सातबाऱ्यांना नवीन नाही. याच समूहाने पुढे आपल्या दिंडोरीत शॅन्डनची फेसाळ वाइन करायला वायनरी उभारली.

प्रश्न: मी वाइन टेक्नॉलॉजी शिकतो. आम्हाला शिकवतात की पहिल्या दाबाचा रस सर्वांत चांगला. दिकेममध्ये उलटं असतं असं ऐकलं. खरं का? आणि साखर उरलेली असताना फर्मेंटेशन थांबतं कसं? – कॉलेज रोडचा एक विद्यार्थी

उत्तर: खरं आहे. ताज्या मण्यात रस मोकळा असतो, म्हणून हलक्या दाबाला उत्तम रस येतो आणि जोर वाढवला की साल-बियांचा कडूपणा उतरतो. बुरशीने आटलेल्या मण्यात मोकळा रस जवळजवळ नसतोच. पहिल्या दाबाला त्यातल्या त्यात रसाळ मणी फुटतात. चोथा फोडून पुन्हा दाबला की अधिक सुरकुतलेले मणी दाद देतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दाबाचा रस कमी येतो, पण गोडी चढत जाते. साखर मोजायचा तुझा रिफ्रॅक्टोमीटर तिथे नेलास तर आकडा बघत बसशील. सगळ्या साखरेची दारू झाली तर २० टक्क्यांच्या आसपास जाईल, इतका तो रस गोड असतो.

पण साखरेची दारू करणारं यीस्ट तिथवर पोचत नाही. एवढ्या साखरेत ते आधीच दमलेलं, वर दारू चढत जाते, शिवाय बुरशीने मागे ठेवलेले काही पदार्थही त्याला जाचतात. साडेतेरा-चौदा टक्क्यांच्या सुमाराला काम थंडावतं आणि लिटरमागे १२० ते १५० ग्रॅम साखर शिल्लक राहते. दिकेममध्ये हे सगळं २२५ लिटरच्या नव्या ओक बॅरलमध्ये होतं, दरवर्षी सगळी बॅरल नवी. एकेका दिवसाची तोडणी वेगळी ठेवतात. पुढे तिथेच दोन-अडीच वर्षं मुरवण, पूर्वी तीनच्याही वर. या काळात वरचेवर बॅरल भरत राहायचं, गाळ सोडून वाइन दुसऱ्या बॅरलमध्ये घ्यायची, चव बघायची आणि न पटलेली बॅरल मिश्रणातून वगळायची.

प्रॅक्टिकलच्या दृष्टीने दोन गोष्टी वहीत लिहून ठेव. या बुरशीबरोबर लॅकेज नावाचं एन्झाइम येतं, ते वाइनला झपाट्याने तपकिरी करतं, म्हणून सल्फरचा हात सढळ ठेवावा लागतो. आणि बुरशीचे ग्लुकन नावाचे चिकट पदार्थ फिल्टरचं पॅड असं गच्च बसवतात की पंप नुसता ओरडत राहतो. घाई चालत नाही. तिथे द्राक्षं दोन जातींची: सेमियाँ साधारण तीन चतुर्थांश ते ८० टक्के, उरलेलं सॉव्हिन्याँ ब्लाँ. पहिल्याची साल बुरशीला सोयीची, दुसऱ्यामुळे वास आणि आंबटपणा.

प्रश्न: एवढी मोठी बाग आणि काही वर्षं वाइनच काढत नाहीत म्हणे. परवडतं कसं? – गंगापूर रोडवरच्या एक बँक अधिकारी

उत्तर: १९१०, १९१५, १९३०, १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२ या वर्षांची दिकेम नाही. मजुरी, फवारणी, तोडणी सगळा खर्च झाला, पण तयार मालावर नाव लावलं नाही. असा माल बागेचं नाव न सांगता विकला जातो.

परवडतं कसं याचं उत्तर बाकीच्या वर्षांच्या किमतीत आहे. नव्या बाटलीला काही शे युरो पडतात. जुनीला तर विचारूच नका, १८११ सालची एक बाटली २०११ मध्ये ७५,००० पौंडांना गेली. हातात एवढं भांडवल असल्याशिवाय कुणी पीक सोडून देत नाही. सगळे बुरशीचं कौतुक करतात, पण नदी आणि धुकं शेजारच्या बागांनाही आहे. दिकेमकडे शेजाऱ्यांपेक्षा जास्त आहे ती थांबायची ऐपत. ती पैशांनीही येते आणि हट्टानेही. १९ व्या शतकात त्यांनी चिकणमातीच्या थराखाली सुमारे १०० किलोमीटर निचऱ्याच्या नळ्या घातल्या. ज्याचा लाभ नातवाला होणार, असं हे काम. १९५९ पासून ‘ईग्रेक’ नावाची एक कोरडी पांढरी वाइनही करतात, पण घर चालतं गोडीवरच.

प्रश्न: मुलाने परदेशातून सोतर्नची अर्धी बाटली आणली होती. कपाटात तशीच राहिली. आता रंग चहासारखा झालाय. खराब झाली का? आणि पुरणपोळीबरोबर चालेल का? – पंचवटीतल्या एक काकू

उत्तर: काकू, रंगावरून घाबरू नका. ही वाइन तरुणपणी पिवळी असते, मग सोनेरी, मग पितळी, आणि दशकांनंतर खरंच कोऱ्या चहासारखी होते. चांगली असेल तर तेव्हाही ती मजेत असते. बूच काढून वास घ्या. मध, संत्र्याची साल, केशर असं काही आलं तर पेल्यात ओता. व्हिनेगर किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर सिंक जवळच आहे. मात्र कपाट स्वयंपाकघरातलं असेल आणि त्याने नाशिकचे दोन-तीन उन्हाळे पाहिले असतील, तर फार आशा धरू नका. अशी बाटली आडवी, अंधारात, गारव्याला ठेवायची असते.

पुरणपोळीबरोबर नको. पदार्थ वाइनपेक्षा गोड झाला की वाइन बापुडी आंबट आणि फिकी लागते. फ्रेंच लोक हिच्याबरोबर रोकफोरसारखं खारट निळं चीज खातात, त्यात तर्क आहे. तुम्ही सुरळीची वडी करा किंवा कोथिंबीर वडी खमंग तळा. आपला नाशिकचा चिवडाही चालेल, पण फार जाळ तिखट नको. बाटली फ्रिजमध्ये गार करून थोडा वेळ बाहेर ठेवा आणि छोट्या पेल्यात घ्या. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये आठवडाभर आरामात टिकते.

प्रश्न: माझ्याकडे दोन एकर शेनिन ब्लाँ ही वाइनची द्राक्षं आहेत, वायनरीशी करार आहे. अशी वाइन नाशिकला होईल का? मी थोडा माल वेलीवर ठेवून बघू का? – दिंडोरी तालुक्यातला एक तरुण शेतकरी

उत्तर: बुरशीची नाही होणार, निदान भरवशाने नाही. आपला वाइनचा माल जानेवारी ते मार्चमध्ये उतरतो. त्या काळात निफाडकडे थंडी कडाक्याची पडते, एखाद्या सकाळी धुईही असते, पण फेब्रुवारी सरला की हवा कोरडी आणि ऊन चढतं. रोज पहाटे ओलं आणि रोज दुपारी सुकं, असं सलग काही आठवडे आपल्याकडे जमत नाही. ओलावा आला तर अवकाळीने येतो आणि तो राखाडी कूजच आणतो. बुरशी मुद्दाम सोडायचा प्रयोग चुकूनही करू नका, शेजाऱ्याची थॉमसन द्राक्षांची बाग धोक्यात येईल आणि तो तुमच्या बांधावर उभा राहील.

बुरशीशिवाय होईल. माल जास्त दिवस वेलीवर ठेवून लेट हार्वेस्ट शेनिन आपल्याकडच्या काही वायनऱ्या करतात आणि ती चांगली होते. शेनिनचा आंबटपणा टिकाऊ, त्यामुळे गोडी चिकट वाटत नाही.

आता हिशोब. दिकेमची उतारी हेक्टरी साधारण ९०० लिटर, म्हणजे एकरी साडेतीनशे लिटरच्या आसपास. वेलीमागे एक पेला, असं ते म्हणतात. तुमचा एकरी पाच टन माल धरला आणि टनाला सहाशे लिटर रस धरला, तर तुमचे तीन हजार लिटर होतात. तुम्हाला पैसे किलोवर मिळतात आणि वेलीवर थांबलेला मणी रोज वजन घटवतो. वायनरीला गोडी मिळते, घट तुमच्या खात्यात. म्हणून आधी लेखी ठरवा की त्या ओळींचा दर किलोवर नाही, ओळीवर किंवा एकरावर. वायनरी याला तयार नसेल तर त्यांना ती वाइन मनापासून नको आहे असं समजा आणि सगळा माल वेळेवर देऊन टाका.

तयार झाली तर बागेच्या कडेच्या नाही, मधल्या दोन ओळी निवडा. घड मोकळे राहतील असे आधीच विरळा, पाणी हळूहळू तोडा, पाखरांसाठी जाळी लावा. दर दोन दिवसांनी ब्रिक्सबरोबर, म्हणजे रसातल्या गोडीबरोबर, आम्लही तपासून घ्या, नुसत्या ब्रिक्सवर जाऊ नका. मणी सुरकुतायला लागले की पहाटे तोडा, सुटे निवडून, लहान क्रेटमध्ये. आणि मार्च संपायच्या आत त्या ओळी खाली करा, नाहीतर वेलीला विसावा न मिळता एप्रिलची खरड छाटणी डोक्यावर येईल आणि पुढच्या वर्षीची काडी कच्ची राहील.